काचेतली रांग

१

चिंचेच्या गल्लीत चिंच कुणी बघितलेली नाही. लातुरात अशी नावं पुष्कळ आहेत. झाड जातं, नाव राहतं. तसंच शिवलिंगआप्पांचं कापडाचं दुकान मोठ्या रस्त्याला गेलं आणि गल्लीत मागं राहिलं ते एक गोडाऊन आणि त्याची रस्त्याकडची काच. पूर्वी त्या काचेत साड्या नेसलेल्या पुतळ्या उभ्या असायच्या. आता तिथं लुंबिनीचं कलादालन होतं.

लुंबिनी नांदेडला चित्रकला शिकून आली होती. बरोबरीच्या सगळ्यांनी पुण्याची वाट धरली. हिनं मात्र हट्ट धरला की कला बघायला माणसानं पुण्याला का जायचं, दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसाला ती वाटेत दिसली पाहिजे. आप्पांनी किल्ल्या हातात देताना एवढंच सांगितलं, "कर बाई काय करायचं ते. फकत काच फोडू नको आन् मला भाषण देऊ नको."

पहिल्यांदा तिनं मोडक्या छत्र्यांची वटवाघळं टांगली. मग शर्टाच्या गुंड्यांची वरात काढली, नवरदेव म्हणून कोटाचं मोठं बटण. मग जुन्या चपलांची एसटी केली आणि पोपटाला ड्रायव्हर बसवलं. गल्ली हसली, थांबली, फोटो काढू लागली. पण लुंबिनीला नुसतं हसू नको होतं. उन्हाळा लागला तसं तिनं 'रांग' करायला घेतलं.

नळाची रांग. लातूरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तर दिवसभर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून भांडं उभं राहतं. बाई घरी भाकरी करते, तिचा हंडा रांगेत असतो. हंडा म्हणजेच ती बाई. रांग सरकली की मागची बाई पायाच्या अंगठ्यानं पुढच्या रिकाम्या भांड्याला हलकंसं ढकलते, पण उचलत नाही. दुसऱ्याचं भांडं रांगेतून उचलायचं नाही. ज्या भांड्याला धनी नाही, तेवढं मात्र कुणीही काढून फेकावं. एवढे दोनच कायदे. ते कुणी शिकवत नाही आणि कुणी मोडतही नाही.

लुंबिनीनं गल्लीतल्या बायकांकडं जुनी भांडी मागितली. साखराबाईनं सगळ्यात आधी आपली पितळी बिंदगी दिली, म्हणजे घागरीची धाकटी बहीण. व्यंकटी पाण्याचा वाल्व सोडणारा, त्यानं निळा कॅन दिला. ब्युटी पार्लरवाल्या वर्षाराणीनं स्टीलची घागर दिली. लुंबिनीनं एकेकाला रूप दिलं. बिंदगीला तारेचा चष्मा आणि कागदाचे पंख. कॅनला काथ्याच्या मिशा. वर्षाराणीच्या घागरीला लाल ओठ. सगळ्यांना इवलेसे लाकडी पाय, कुणाचे वाकडे, कुणाचे एकावर एक टाकलेले. रांगेच्या टोकाला कागदाच्या लगद्याचा मोठा सोनेरी नळ आणि त्याच्या तोंडाशी थेंब म्हणून दोऱ्यानं लटकवलेला एक काचेचा मणी. मागं काळा पडदा, जमिनीपासून वीतभर वर. पडद्याच्या मागं गोडाऊन, तिथं ती काम करायची.

तिच्या आईनं, गयाबाईनं, तांब्याचा हंडा दिला. साखराबाईच्या पाठोपाठ, दुसऱ्या नंबरवर. लुंबिनीनं त्याला मोराचा तुरा लावला आणि सगळ्यांच्या शेवटी ठेवला.

गयाबाईनं काचेसमोर उभं राहून बघितलं. कौतुक केलं नाही.

"माझा मागं कामून?"

"माय, माझीच काच. तुझा हंडा पुढं ठेवला की लोक म्हणतील घरच्यांचं बघितलं."

"दुसरी दिली का न्हाई मी?"

"दिलीस."

"मग माझा नंबर दुसरा."

"हे प्रदर्शन हाय गं. नळ हाय का खरा?"

"रांग हाय ना?"

"हाय."

"मग," गयाबाई म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

लुंबिनीला हे कळायला हवं होतं. देवणीकडच्या ज्या गावात गयाबाई वाढली, तिथं तिची आई आडापासून लांब बसून राहायची. कुणीतरी यावं आणि वरून ओतावं म्हणून. लग्न होऊन या गल्लीत आल्यावर पहिल्या सकाळी गयाबाईनं हंडा नेऊन रांगेत ठेवला, पुढच्या हंड्याला चिकटून. कुणी हलवला नाही. ही गोष्ट तिनं लेकीला इतक्यांदा सांगितली होती की लेकीनं ती ऐकणंच सोडून दिलं होतं.

२

रोज सकाळी काच पुसायची. बाहेरून ओला फडका, मग वर्तमानपत्राचा बोळा. आत भांडी हलली तर पुन्हा जागेवर ठेवता यावीत म्हणून लुंबिनीनं प्रत्येकाच्या बुडाभोवती खडूनं गोल काढले होते.

त्या सकाळी बोळा फिरवता फिरवता तिचा हात थांबला. शेवटचा गोल रिकामा होता.

तिला वाटलं आईनं हंडा परत नेला. पण हंडा होता. एक गोल पुढं. त्याच्या पुढची घागर एक गोल पुढं. सगळीच रांग एका जागेनं सरकली होती आणि नळाखाली बिंदगीऐवजी व्यंकटीचा कॅन उभा होता, मिशांसकट.

बिंदगी नळाच्या पलीकडं होती. भरलेलं भांडं बाजूला काढून ठेवतात तशी. खाली चुंबळ होती. लुंबिनीनं चुंबळ केलीच नव्हती.

ती मागच्या दारानं आत गेली. दाराला कुलूप होतं, तिनंच काढलं. पडदा बाजूला केला आणि बिंदगीत बघितलं. काठोकाठ पाणी. तारेचा चष्मा त्यात उलटा दिसत होता. तिनं बोट बुडवलं. मे महिन्यात लातुरात कुठल्याच पाण्याला नसतो तसला गारवा होता.

मग नळाला हात लावला. तोंडाकडचा भाग मऊ झाला होता. सोनेरी रंग सुटून खालची छापील अक्षरं दिसत होती.

कुणीतरी चेष्टा केली, तिनं ठरवलं. चांगली केली. किल्ल्या दोनच, एक तिच्या पर्समध्ये आणि एक घरी खिळ्याला. घरी विचारलं तर गयाबाई म्हणाली, "मी कशाला जाऊ तिथं, मागच्या नंबरवाली."

ते पाणी तुळशीवृंदावनात ओतायला म्हणून ती समोर साखराबाईच्या घरी घेऊन गेली, तर दारात बायका जमल्या होत्या. ती पहाटे गेली होती. म्हातारी होती, महिनाभर अंथरुणाला होती. वर्षाराणी पदरानं नाक पुसत म्हणाली, "सुटली गं. काल पाणी पाणी करत होती, घोट उतरत नव्हता."

लुंबिनीनं हातातल्या बिंदगीकडं बघितलं आणि ती गटारीत रिकामी केली.

तिचे वडील आनंदराज गुरुजी. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती, पण विहारात लेकरांना जमवून ते जे शिकवायचे ते अजून गल्लीत चालायचं. बुवाचं लिंबू कापलं की लाल कसं होतं, निखाऱ्यावर माणूस कसा चालतो. "आधी खात्री करा," ते म्हणायचे, "मग भ्या. खात्री केली की भ्यायची गरज उरत न्हाई." लुंबिनी याच घरची. तिनं खात्री करायची ठरवली.

३

पाणी कुणाकडं असतं? व्यंकटीकडं.

तो कोपऱ्यावरच्या टपरीवर सापडला. हातात वाल्व फिरवायची लांब लोखंडी चावी, तिच्यावर हनुवटी टेकवलेली.

"व्यंकटीमामा, रात्री माझ्या काचेत पाणी तुम्ही भरलं का?"

"म्याडम, माझ्याच घरी नळ कोरडा हाय. तुमच्या काचेत कशाला नेऊन ओतू?" तो हसला. "बरं, माझा कॅन पैला कसा काय झाला? येताना बघितलं मी."

"ती तुमचीच करामत असंल."

"न्हाई बाई. पण राहू द्या. उभा जन्म लोकायचं पाणी सोडून राहिलो. माझा नंबर पैला कधी लागलाच नव्हता." त्यानं चहाचा कप तिच्याकडं सरकवला. "घ्या. पैल्या नंबरवाल्याकडून."

काही दिवस गेले. दुपारची वेळ. गल्ली बंद दारांआड पडली होती. लुंबिनी पडद्यामागं बसून पुढच्या देखाव्यासाठी नारळाच्या करवंट्या घासत होती. तेव्हा आवाज आला.

खर्र.

सिमेंटवर धातू सरकल्याचा. थोडं थांबून पुन्हा, खर्र. मग जरा लांबून तिसरा. एकामागं एक, रांग सरकते तसा. पुढचं भांडं सरकलं की त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं. लहानपणी ती याच आवाजानं जागी व्हायची. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असायचा की उठायला पाहिजे, आपला नंबर जवळ आला.

उंदीर, ती स्वतःशी म्हणाली. सिमेंट तापल्यावर भांडी हलत असतील. ट्रक गेला असेल. ट्रक गेला नव्हता. तिनं करवंटी खाली ठेवली, पण पडदा बाजूला करायला हात पुढं होईना. याचाच तिला राग आला आणि त्या रागात तिनं पडदा ओढला.

निळा कॅन नळाच्या पलीकडं होता. काथ्याच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं.

ती धावत कोपऱ्यावर गेली. व्यंकटी तिथंच होता. तिला बघून त्यानं लांबूनच हात वर केला. "काय झालं म्याडम? कुत्रं लागलं का मागं?"

त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. धडधाकट माणूस समोर दात काढून उभा आहे आणि आपण काय सांगणार? तुमच्या कॅनमध्ये पाणी आहे म्हणून जपा? गुरुजींच्या पोरीनं?

"काही न्हाई," ती म्हणाली. "ऊन लई हाय. सावलीत बसा."

"आमचं कुठं नशीब," म्हणत तो चावी खांद्यावर टाकून गेला.

दिवेलागणीला तो वाल्वच्या खड्ड्याजवळ टेकला तो उठलाच नाही. चावी मांडीवर आडवी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. व्यंकटीला आधीपासून रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घेत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारण सापडलं की गल्ली शांत होते. लुंबिनीही शांत होण्याचा प्रयत्न करत राहिली. एक साखराबाई, म्हातारी. एक व्यंकटी, रक्तदाबवाला. दोन गोष्टींनी काही सिद्ध होत नाही.

पण सिद्ध व्हायला तिसरी गोष्ट लागते, आणि नळाखाली आता लाल ओठांची घागर उभी होती.

४

तिनं भांडी परत करायचं ठरवलं. कारण द्यायची गरज नाही, देखावा संपला. इथंच तिचा अंदाज चुकला.

नळाच्या नव्या जोडण्या मिळणार अशी बातमी गल्लीत फिरत होती. लातुरात ती दर उन्हाळ्यात फिरते. यंदा तिला कुणीतरी शेपूट जोडलं होतं की काचेतली रांग हाच नंबर आहे. साहेब येऊन बघून गेले, फोटो काढला, ज्याचं भांडं काचेत त्याला नळ आधी. साहेब कुणी आले नव्हते. चपलांच्या एसटीचा फोटो काढायला एक कॉलेजचा पोरगा आला होता तेवढंच.

"भांडं परत? आन् आमचा नंबर?" वर्षाराणी कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिच्या पार्लरात अर्ध्या भुवया झालेली एक बाई आरशातून ऐकत होती.

"नंबर बिंबर काही न्हाई गं. मी चित्रासाठी मांडलेत."

"तुला म्हाईत नसंल. वरून मांडायला लावलं असंल कुणी."

"वर्षा, ते माझ्या डोक्यातून आलंय."

"तेच म्हंते. डोक्यात कोण घालतं?" वर्षाराणी हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "माझी पैली हाय लुंबे. पार्लरात पाण्याबिगर काय हाल होतात, तू बघतीस. मी न्हाई उचलणार."

कुणीच उचलेना. उलट दोघी-तिघी नवी भांडी घेऊन आल्या. लुंबिनी स्वतः उचलू शकत होती, किल्ली तिच्याजवळ होती. तिनं लाल ओठांच्या घागरीवर हातही ठेवला. पण उचलली असती तर मागची पुढं आली असती. आणि सगळीच उचलली तर? रांगेतलं भांडं उचललं म्हणजे नंबर गेला की लागला, हे ती खात्रीनं सांगू शकत नव्हती. आपण हा विचार करतोय हेच तिला सहन होईना.

मग तिला सुचलं. ती भंगारवाल्याकडं गेली आणि बुडाला भोक पडलेली एक घागर घेऊन आली. कुणाची होती विचारलं तर भंगारवाला म्हणाला, "कुनाची न्हाई. भंगारात कुनाचं काय ऱ्हातं?" हेच तिला हवं होतं. तिनं ती घागर सगळ्यांच्या पुढं, बरोबर नळाच्या तोंडाखाली ठेवली. हिला धनी नाही आणि ही कधी भरायची नाही.

गोल पुन्हा काढले. रोज सकाळी काच पुसताना बघायची, प्रत्येक भांडं आपल्या गोलात. खर्र आवाज नाही. नळाचं तोंड वाळून कडक झालं. तिनं त्यावर नव्यानं सोनेरी रंग दिला. चेष्टा करणारा थकला असेल, ती स्वतःला सांगायची. आणि भोकाची घागर काढत मात्र नव्हती.

वर्षाराणीनं एकदा काचेतून बोट दाखवून विचारलं, "हे भिकार भांडं कुणाचं गं, आमच्या पुढं घुसवलंस ते?"

"डिझाइन हाय ते."

"डिझाइनला नळ पायजे का?" वर्षाराणी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. वर्षाराणीला, आईला, कुणालाही. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुरुजींच्या पोरीनं भूत बघितलं अशी गल्लीभर दवंडी पिटली असती आणि वडिलांनी आयुष्यभर जे गोळा केलं ते एका संध्याकाळीत उधळलं असतं. असं तिला वाटलं. ती कुणाला वाचवत होती याचा तिचा तिलाच पत्ता नव्हता.

५

नांदेडहून बोलावणं आलं. तिच्या जुन्या कॉलेजात पोरांपुढं बोलायचं होतं. ती बोललीही तावातावानं. प्रत्येक गल्लीत एक काच असली पाहिजे, म्हणाली. लोक आपली भांडी विश्वासानं तुमच्या हातात देतील, म्हणाली. तिथं तिचा आवाज जरा अडखळला, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या.

परतीची एसटी लोह्याच्या पुढं गेली तेव्हा आईचा फोन आला.

"कुठवर आलीस?"

"लोहा सोडलं. जेवलीस का?"

"जेवले. ऐक, आज लावून आले बग."

"काय लावून आलीस?"

"नंबर. माझा." गयाबाईचा आवाज हलका झाला होता, पोरीसारखा. "खिळ्याची किल्ली घेतली आन् गेले. तिथं सगळ्यात पुढं एक बेवारशी घागर, बुडाला भोक. मी इचारलं समद्यांना, कुणाची हाय का? कुणाचीच न्हाई. मग काढली आन् दिली फेकून. बेवारशी भांडं नंबरात चालतं का कुठं? साखराबाई गेली, तिच्या मागं मीच. वर्षाराणी बी म्हणाली, काकू तुमचा हक हाय. तिनंच हात लावला हंड्याला."

लुंबिनीला काही ऐकू येईना. खिडकीबाहेर करडईची कापलेली रानं मागं पळत होती.

"माय," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आन् हंडा काढ."

"कामून?"

"काढ म्हणते ना."

"म्या दुसरी दिली होती. तू मला मागं टाकलंस, लोक काय म्हंतील म्हणून. मी बोलले न्हाई तुला. आता माझ्या जागी मी गेले तर..."

"माय, जो पुढं जातो तो मरतो."

बोलून गेली. शेजारच्या सीटवरच्या माणसानं वळून बघितलं. फोनमधून कुठंतरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

"गुरुजींची पोर तू," गयाबाई म्हणाली. चिडून नाही. दमून. "त्यांनी ऐकायला पायजे होतं हे."

"साखराबाई, व्यंकटीमामा, दोघांचीबी भांडी आधी भरली होती. मी बघितलं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

"माझी माय आडापासून लांब बसायची. तिला बी लोक हेच सांगायचे, शिवलीस तर कोण तरी मरंल. मी नंबर सोडत नसते, लुंबे." मग जरा मऊ होऊन, "तू ये घरी. ऊन लागलंय तुला. आन् ऐक, तुझा बी लावून ठेवलाय. माझ्या मागंच. माळ्यावर तुझी शाळंची बाटली होती ना लाल, ती."

पुढं रेंज गेली.

रेंज आली तशी तिनं वर्षाराणीला फोन लावला. "मी कुठून काढू?" वर्षाराणी म्हणाली. "किल्ली काकूंच्या कमरेला हाय. का गं, रडायलीस का?"

अहमदपूरला एसटी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. लुंबिनी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि त्याच्या कपातला चहा संपायची वाट बघू लागली.

६

ती गल्लीत शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं पण उजेड होता. वर्षाराणीच्या पार्लरात गाणी लागली होती. आईच्या दाराला कडी नव्हती, आतून फोडणीचा वास आला. "माय?" तिनं हाक मारली. "आले आले," आतून आवाज आला. जिवंत आवाज.

मग तिला ते ऐकू आलं.

रिकाम्या हंड्यात पाणी पडतं तेव्हा आवाज खोल असतो, आडातून आल्यासारखा. भरत आला की चढतो. गळ्याशी आला की बारीक होतो आणि त्या बारीक आवाजावर लातूरची बाई चुलीपुढून उठून धावते, कारण त्यानंतर उतू जायला वेळ लागत नाही. काचेतून आवाज येत होता. अजून खोल होता. चढत होता.

तिनं मागचं कुलूप काढलं. घाईत किल्ली दोनदा पडली. गोडाऊनमध्ये अंधार आणि करवंट्यांचा वास. पडद्याखालच्या वीतभर फटीतून काचेकडचा उजेड जमिनीवर पडला होता आणि त्या उजेडात सिमेंट ओलं होतं. ती पडद्यातून आत घुसली.

नळाच्या तोंडाचा लगदा लोंबत होता. मणी नव्हता. त्याच्या जागी धार होती, बारीक, सरळ, आवाज करणारी. खाली मोराच्या तुऱ्याचा तांब्याचा हंडा. पाणी खांद्यापर्यंत आलं होतं. हंड्याच्या मागं, त्याला चिकटून, लाल प्लास्टिकची बाटली उभी होती. पट्टा तुटलेली. नेलपॉलिशनं लिहिलेलं नाव, लुंबिनी, आईच्या वाकड्या अक्षरात. तिच्या मागं वर्षाराणीची घागर, मग बाकीची रांग. लाकडी पाय एकावर एक टाकून सगळी वाट बघत होती.

लहानपणी ती याच बाटलीशेजारी रांगेत बसायची. आई म्हणायची, तू बस, मी भाकरी टाकून येते, कुणाला घुसू देऊ नको.

बारीक होऊ लागला होता आवाज. आता विचार करायचा नव्हता. तिनं दोन्ही हात हंड्याच्या गळ्याखाली घातले आणि उचलला. भरत आलेला हंडा जड असतो. तो छातीशी घेऊन ती मागं सरकली, पाणी अंगावर सांडलं, गार, आणि तो तिनं तसाच आडवा केला. सगळं पाणी सिमेंटवरून काचेखालून रस्त्यावर वाहत गेलं.

बाहेर काचेवर टकटक झाली. गयाबाई उभी होती. हाताला पीठ, पदर खोचलेला, डोळ्यांत राग. काचेमुळं आवाज दबका येत होता, पण शब्द ओठांवर वाचता येत होते. काढलास? नंबरातून काढलास माझा हंडा? पोटच्या पोरीनं?

लुंबिनी हसली. रडली म्हटलं तरी चालेल. रिकामा हंडा छातीशी धरून ती आईकडं बघत राहिली, तिच्या पिठाच्या हातांकडं, हलणाऱ्या ओठांकडं. बाकीचीही आता उचलते, तिला सांगायचं होतं, सगळीच उचलते, थांब.

खर्र, असा आवाज झाला नाही. प्लास्टिकचा तसा आवाज होत नाही.

ती ज्या पडद्यातून आत आली होती, त्याच पडद्याखालच्या फटीतून एक पाय पुढं आला होता. ओला. टाचेच्या भेगा पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या. अंगठा बाटलीच्या बुडाला लागला होता, हलकासा, दुसऱ्याचं भांडं पुढं सरकवतात तसा, आदबीनं. कुणाचा ते कळायच्या आत तो मागं गेला.

बाटली नळाखाली होती.

लुंबिनीनं हंडा टाकला. काचेपलीकडं आई बोलायची थांबली होती आणि कान देऊन ऐकत होती. आयुष्यभर ऐकलेला आवाज ओळखून ती नकळत एक पाऊल पुढं आली, धावायला निघालेल्या बाईसारखी.

लहान बाटली होती. भरायला असा किती वेळ लागणार.